झुलीखालची कातडी

२ जुलै

भर पावसात टेम्पोतून घोडी उतरवली. वरातीची नुकरी: केस पांढरे, खाली कातडी गुलाबी. लग्नसराई संपल्यावर पावसाळाभर चंदी कोण घालणार, म्हणून मालकाने लिहून दिली. खोगीर, तंग, आरशांची झूल असं सगळं सामान बरोबर आलं. झूल काढली तसा कुबट वास आला. पाठीवर आणि पुठ्ठ्यावर खपल्याच खपल्या. तंगाच्या पट्ट्यात केस गेलेले गोल चट्टे. आयाळ घासून अर्धी झालेली, शेपटीच्या बुडाशी टक्कल. मानेमागच्या उंचवट्यावर खोगिराने पाडलेली जखम. ओठांच्या कोपऱ्यांत काटेरी लगामाचे जुने व्रण. तसला लगाम १९६५ च्या नियमांनी बंद केलेला आहे; वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून दिसतो.

दिवेलागणीपर्यंत अर्धी वाडी येऊन गेली आणि प्रत्येकाने औषध सांगितलं. जळकं ऑइल लावा. करंजेलात गंधक घोटून लावा. एकाने तर घरातली गोचिडांच्या औषधाची बाटलीच आणून दिली. एकानेही खपली उचलून बघितली नाही.

तिला आमच्या दोन म्हाताऱ्या तट्टांपासून लांब, जुन्या गोठ्यात बांधलं. तिची बादली वेगळी, खरारा वेगळा. तिच्याकडून आल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, तात्यांनीसुद्धा.

३ जुलै

डॉक्टर सकाळीच आले. कातडीकडे वळण्याआधी त्यांनी नाकपुड्या बघितल्या, जबड्याखाली चाचपलं, मागच्या पायांच्या आतल्या बाजूने बोटं फिरवली. ग्लँडर्सची शंका आधी मिटवायची. त्या रोगाच्या एका प्रकारात पायावर रसवाहिन्यांच्या रेषेने गाठी उठतात, फुटतात आणि त्यांतून मधासारखा पू येतो. माणसालाही तो होतो आणि जीव घेऊ शकतो. आपल्याकडे तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि लागण निघाली तर जनावर मारावंच लागतं. गाठ एकही लागली नाही, तरी रक्त काढलं. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जाईल.

मग कातडी. डॉक्टरांनी ब्लेडला पॅराफिनचं तेल लावलं आणि चट्ट्याच्या कडेला, रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडलं. किडे असतात ते खोल, वरवर खरवडून हाताला काही लागत नाही. चट्ट्याच्या कडेचेच केस चिमट्याने उपटून कागदी पाकिटात टाकले. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नको ती बुरशी वाढते. पाठीवरची एक खपली डबीत घेतली.

गोचिडांची बाटली बघून मात्र ते चिडले. तिच्यात अमिट्राझ होतं. गाईम्हशींना चालतं, घोड्याचं आतडं त्याने सुस्तावतं, लीद अडते, पोटशूळ उठतो. बाटली परत दिली. देणाऱ्याला राग आला, येऊ दे.

५ जुलै

खरवडीत किडे नाहीत. पण खरजेचा किडा एका खरवडीत न सापडणं म्हणजे खरूज नाही असं होत नाही, म्हणून डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन दिलंच. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तेव्हा वजन हवं. काटा कुठला आणायचा? टेप घेतली. छातीचा घेर १५६ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १४२. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आलं २९१ किलो. तात्या उमेदीत वाईच्या स्टँडवर टांगा हाकायचे. त्यांनी नुसतं बघून "तीनशेला जरा कमी" म्हटलं होतं.

खपलीचा निकाल दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखालीच लागला. डॉक्टरांनी मला डोळा लावायला सांगितलं. निळे ठिपके दोन-दोनच्या ओळीत, रेल्वेच्या रुळांसारखे. डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस. वाढतो बुरशीसारखा, पण आहे जिवाणू. कातडी सतत ओली राहिली आणि वर एखादा ओरखडा पडला की आत शिरतो. घामाने भिजलेल्या पाठीवर जाड झूल, तीही रात्री उशिरापर्यंत. आणखी काय हवं त्याला!

८ जुलै

ओलीचा रोग आणि उपाय धुण्याचा, तोही आषाढात. आज पहिल्यांदा हात घातला. आधी कोमट पाण्यात भिजवलेली फडकी पाठीवर ठेवली, खपल्या मऊ होऊ दिल्या. कोरडी खपली ओढली तर ती पाठ खाली घालते, कान मागे टाकते. दुखतंच तिला. भिजलेली खपली बोटाने हलकेच सरकते आणि केसांचा अख्खा झुबका घेऊन वर येते. उलटी करून बघितली: आतून खोलगट, पिवळट-हिरवा पू चिकटलेला, त्यातून केसांची मुळं बाहेर आलेली. खाली कातडी ओली, लालगुलाबी. ज्या खपल्या निघेनात त्या तशाच ठेवल्या.

मग क्लोरहेक्सिडिनचा फेस, दहा मिनिटं घड्याळ लावून. त्याआधी धुऊन टाकलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. नंतर स्वच्छ पाणी, जुने पंचे आणि टेबलफॅन. सगळ्यात जास्त वेळ वाळवण्यात गेला. खपल्या डब्यात गोळा करून जाळल्या. गोठ्यात पडल्या तर त्यांतला जंतू पुढच्या ओलीची वाट बघत राहतो.

जखमेवर फक्त मिठाचं कोमट पाणी. नाकाडावर झिंक ऑक्साइडचं मलम. नुकरीचं नाक उन्हाने भाजतं, पावसाळ्यातल्या उघडिपीतसुद्धा.

१६ जुलै

हिसारचा अहवाल आला. ग्लँडर्स नाही. जीव भांड्यात पडला. २००६-०७ मध्ये हा रोग देशात पुन्हा उघड झाला तो पुणे आणि पाचगणी भागातच, म्हणजे आमच्या घाटाच्या वरच्या अंगाला. म्हणून या रक्ताचा खर्च मला कधी जड वाटत नाही.

२३ जुलै

चारा घेऊन येणाऱ्या पोराच्या मनगटावर गोल, लाल, कडेला उठलेला चट्टा. गजकर्ण. त्याची आई तणतणत आली, "तुमच्या घोडीचं आमच्या पोराला लागलं." खरं असणार. हातमोजे घाल म्हणून सांगितलं होतं, पण पावसात कोण घालतं? त्याला ग्रामीण रुग्णालयात नेऊन दाखवलं, मलम मिळालं. तो बरा होईपर्यंत घोडीचं सगळं मी करणार.

केसांवरून बुरशी वाढवून बघायला दोन-तीन आठवडे लागतात, अहवाल अजून यायचा आहे. पण चट्टे तंगाच्या रुंदीएवढ्याच पट्ट्यात आहेत, बाहेर एकही नाही. वरातींच्या धंद्यात एकच तंग चार घोड्यांवर फिरतो. डॉक्टरांनी मायकोनॅझोल असलेला शांपू सांगितला आहे. औषध नसतं तरी घोड्याचं गजकर्ण बऱ्याचदा काही आठवड्यांनी आपोआप ओसरतं; औषध लावायचं ते मुख्यतः इतरांना लागू नये म्हणून.

तंग जाळायचा ठरला. तात्या हळहळले. "ताई, चामडं चांगलं आहे. उन्हात टाकलं की झालं." कुठलं ऊन? आणि या बुरशीची बीजं सामानावर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. शेवटी तात्यांनीच काडी लावली. बक्कल तेवढं काढून घेतलं, उकळायला.

९ ऑगस्ट

नागपंचमी. पाठ सुधारते आहे, बारीक नवे केस हाताला लागतात. आयाळ-शेपटीचं मात्र काही खरं नाही. तिन्हीसांजेला ती खांबाला शेपूट घासते, थेट रक्त येईपर्यंत. हे चिलटांचं काम. त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी काही घोड्यांना जन्माची असते. ती बरी होत नाही, फक्त चिलटांना लांब ठेवायचं. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर तासभर टिकतो. पंखा जास्त उपयोगी, कारण चिलटं उडण्यात अगदीच लेचीपेची, वाऱ्यासमोर टिकत नाहीत. मच्छरदाणीच्या भोकांतून मात्र सहज आत येतात, जाळी त्याहून बारीक लागते. चारच्या आत घोडी आत, पंखा सुरू. विजेचं बिल बघायचं नाही असं ठरवलं आहे.

२८ ऑगस्ट

मानेमागची जखम भरेना. मध्ये पिवळे, रेतीसारखे कण दिसले. डॉक्टर म्हणाले बरसाती: माश्या जखमेवर जंताच्या अळ्या सोडतात आणि मांस फुगत राहतं. पुन्हा आयव्हरमेक्टिन, जखमेवर पट्टी. पट्टी महत्त्वाची, माशी बसता कामा नये.

७ सप्टेंबर

गणपती आले. आज फक्त पट्टी बदलली.

१२ ऑक्टोबर

दसरा. तात्यांनी झेंडूचा हार घातला, तिने खाल्ला. जखम भरली आहे. खोगिराने कातडी खोलवर दुखावली की तिथले केस पुढे पांढरेच उगवतात. कुमैत घोड्याच्या पाठीवरचे असले ठिपके जन्मभर दिसतात; विकत घेणाऱ्याला त्यावरून कळतं की जनावर कसं वापरलं गेलं. नुकरीवर पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. बोटांना मात्र लागतं: तिथली कातडी जाड आहे, खालच्या मांसावर सरकत नाही.

१७ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं उरकली. एका बँडवाल्याचा फोन: घोडी आता बरी झाली असं ऐकलं, तारखा मिळतील का? नाही म्हटलं. दुसरी बघतो म्हणाला, आणि बघेलच.

तेव्हा ज्यांच्या घरी या वर्षी लग्न आहे त्यांना एकच विनंती. घोडी दारात आली की नवरदेव वर बसण्याआधी झूल उचलायला सांगा. मानेमागे, पाठीवर आणि तंगाखाली हात फिरवा. हाताला खपली, ओल किंवा जखम लागली तर तिला परत पाठवा आणि नवरदेवाला चालत न्या.