मामायेव टेकडीवरचा सेनापती

अण्णाभाऊ साठे यांच्या पोवाड्यामुळे स्टालिनग्राडचे नाव मराठी कानांना परके नाही. १९६१ सालापासून त्या शहराला व्होल्गोग्राद म्हणतात. तेथे गेलेला प्रवासी मामायेव टेकडी चढल्यावाचून सहसा परतत नाही. टेकडी कसली, आपल्या सह्याद्रीपुढे नुसता उंचवटा! पण वर जाणाऱ्या पायऱ्या २०० आहेत, लढाईच्या दर दिवसाला एक. माथ्यावर तलवार उगारलेली मातृभूमीची ८५ मीटर उंचीची मूर्ती उभी आहे. खाली संथ, रुंद व्होल्गा.

१२ सप्टेंबर १९४२ रोजी ६२ व्या सैन्याची सूत्रे वासिली चुइकोव्ह यांच्या हाती आली. शेतकऱ्याचा हा मुलगा तेव्हा ४२ वर्षांचा होता. त्यांचे ठाणे प्रथम याच टेकडीवर होते. तोफांच्या माऱ्यामुळे ते लवकरच हलवावे लागले. समोर जर्मन, पाठीशी नदी! रात्री होड्यांतून माणसे आणि दारूगोळा यायचा, परतताना त्याच होड्या जखमींना न्यायच्या.

जर्मन विमानांपुढे उपाय काय? चुइकोव्ह यांनी फर्मावले, शत्रूला इतके बिलगून राहा की, त्याला बॉम्ब टाकताना आपल्याच माणसांची धास्ती वाटावी. मग लढाई घराघरांत, जिन्याजिन्यांवर आली.

ही गोष्ट केवळ शौर्याची नव्हे. त्याच वर्षीच्या जुलैत स्टालिनचा २२७ क्रमांकाचा हुकूम निघाला होता : एक पाऊलही मागे नाही! हुकुमावाचून मागे हटणाऱ्याला त्यात क्षमा नव्हती. चुइकोव्हही कठोरच होते. त्यांच्या शब्दावर नदी ओलांडून आलेल्या असंख्य तरुणांना परतीची होडी मिळाली नाही.

२ फेब्रुवारी १९४३ रोजी लढाई संपली. पुढे हेच सैन्य बर्लिनपर्यंत पोचले. १ मे १९४५ रोजी जर्मन सेनाप्रमुख क्रेब्स बोलणी करायला आले, ते चुइकोव्ह यांच्याच ठाण्यावर. १९५५ मध्ये ते मार्शल झाले.

१९८२ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना या टेकडीवर पुरण्यात आले. येथे चौतीस हजारांहून अधिक सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. राजधानीत मानाची जागा मिळाली असती, पण ज्यांना मागे हटू दिले नाही, त्यांना सोडून दूर जाणे सेनापतीला रुचले नसावे. उतरताना आमच्यापैकी कोणीच पायऱ्या मोजल्या नाहीत.