मधली चकती

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास शब्दांच्या लहरीपणाचें नवल वाटूं नये. तथापि 'क्लच' या शब्दाचें आम्हांस नेहमींच नवल वाटत आलें आहे. मूळ भाषेंत त्याचा अर्थ घट्ट धरणें. मोटारींत मात्र क्लचच्या पेडलवर पाय दाबला म्हणजे घडतें तें सोडणें! ॲक्सिलरेटर दाबला कीं गाडी धांवते, ब्रेक दाबला कीं ती थांबते. हें तिसरें पेडल दाबलें कीं इंजिन व चाकें यांचा संबंध तुटतो, आणि पाय जसजसा अलगद उचलावा तसतसा तो पुन्हां जुळतो. नांव धरण्याचें व कसब सोडण्याचें, अशी ही वस्तु आहे.

आमची गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तिचा जन्म झाला. मूळची ही इटलीची फियाट ११००. १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचें नांव मिळालें. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. मुंबईची टॅक्सी म्हणून हिनें पिढ्यान्‌पिढ्यांस वाहिलें व ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती त्या सेवेंतून निवृत्त झाली. आमच्या वडिलांनीं घेतलेली ही गाडी मात्र आमच्या पुण्याच्या अंगणांत अद्याप नोकरींत आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदां साताऱ्यास जातांना खंबाटकीचा चढ लागतांच इंजिन नुसतें ओरडूं लागलें. वेग तसूभरही वाढेना, आणि जळका वास येऊं लागला. यांत दोष कोणाचाच नव्हता. जी वस्तु झिजण्यासाठींच निर्मिलेली असते ती झिजली, इतकेंच. इंजिनाच्या टोकाशीं फ्लायव्हीलचें जड चाक फिरत असतें. गाडी उभी असतांना गिअरमधून चाकांकडे जाणारी गति मात्र थांबलेली असते. फिरतें व स्थिर हीं एकदम जोडूं गेल्यास हिसका बसून इंजिनच बंद पडेल. म्हणून दोहोंच्या मध्यें एक चकती ठेविलेली असते. तिच्या दोन्ही अंगांस खरखरीत लायनिंग असतें, आणि प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरानें तिला फ्लायव्हीलवर दाबते. चकती प्रथम घसरते, थोडी तापते, फिरत्याचा वेग थोडाथोडा स्थिराला देते, आणि दोन्ही एका गतीला आलीं म्हणजे मग घट्ट बसते. गाडीच्या प्रत्येक आरंभाला तिचा एखादा कण खर्चीं पडतो.

ती घरींच बदलावी असें ठरविलें आमच्या चिरंजीवांनीं. ते बंगळुरास नोकरीस आहेत व महिन्याच्या रजेवर आले होते. दोन वर्षांपूर्वीं त्यांची आई गेली. तेव्हांपासून जेवण झालें का, दिवा मालवूं का, एवढ्यावर आमचें संभाषण आटोपत असे. भांडण नव्हतें, बोलण्याची वाटच नव्हती.

नाना पेठेंतून चकती, प्रेशर प्लेट व बेअरिंग आणलें. बॅटरीची तार सोडली, मागच्या चाकांस दगड लावले, आणि गाडीची पुढची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकविली. नुसत्या जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं शिरणें म्हणजे यमराजास निमंत्रण. मागें जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडविला, इंजिनाच्या बुडाला लांकडी ठोकळा दिला, आणि गिअरबॉक्स जॅकवर तोलून सरळ मागें ओढून घेतला. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक. म्हणून ती न फुंकतां ओल्या फडक्यानें टिपली. प्रेशर प्लेटचे बोल्टही एकेक पुरता काढावयाचा नसतो; समोरासमोरचे थोडेथोडे ढिले करीत जावें लागतें, नाहीं तर प्लेट वांकडी होते.

चकती बाहेर आली. लायनिंग रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत गेलें होतें. चिरंजीवांनीं ती बराच वेळ हातांत फिरविली आणि म्हणाले, "बाबा, आपल्या घरांत हें काम आई करीत होती."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलणें अवश्यही नव्हतें. त्यांस शिकावयास परगांवीं जावयाचें होतें हें आम्हांस तिच्याकडून कळलें. आमचा नकार त्यांस तिच्याकडून कळला. आणि होकार निघाला तोही तिच्याच मध्यस्थीनें. आमचा संताप तिच्यापाशीं येऊन निवे, त्यांचा हट्ट तिच्यापाशीं येऊन मऊ पडे. चकतीची जागा झांकलेली असते. तिची झीज बाहेरून दिसत नाहीं. यंत्राची उपमा माणसास लावणें कोणास रुचणार नाहीं, व ती पुरती लागूही पडत नाहीं. चकती नाना पेठेंत मिळते.

नवी चकती अगदीं मधोमध बसावी लागते. केसभर ढळली तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्या खांचांत शिरत नाहीं. त्यासाठीं सुताराकडून मापाची खुंटी करून घेतली होती. पुढचें काम मात्र एकट्यानें होण्याजोगें नव्हतें. चिरंजीव गाडीखालीं उताणे पडून गिअरबॉक्स सांवरीत होते आणि आम्ही जॅक बोटबोट वर घेत होतों. "थोडें वर, बाबा. फार झालें. आतां खालीं. थांबा." असें दोन तास चाललें. दोन वर्षांत आमच्यांत इतकीं वाक्यें झालीं नव्हतीं. शेवटीं दांडा खांचांत बसल्याचा बारीकसा आवाज झाला. तो दोघांनींही ऐकला.

सर्वांत शेवटीं पेडल. तें दाबतांच ताण लागतां कामा नये. आरंभीं थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. ती नसली तर बेअरिंग सदा टेंकून राहतें, पकड पुरती बसत नाहीं, आणि नवी चकतीही घसरून जळते. ही मोकळीक किती असावी यावर आमचा बराच मोठ्यानें वाद झाला. मध्यें पडणारें कोणी नव्हतें, म्हणून तो आम्हां दोघांसच मिटवावा लागला.

रजा संपून चिरंजीव परत गेले. पूर्वीं त्यांचा फोन आईस येत असे व खुशाली आम्हांस तिच्याकडून मिळे. आतां दर रविवारीं तो आम्हांस येतो. ते प्रथम विचारतात, पेडलची मोकळी चाल किती उरली? मग, गाडी चढावर कशी ओढते? आणि मग जरा थांबून, रक्तदाबाची गोळी घेतां ना?