शिक्षिका कोणाला म्हणायचं?

चळवळीचा इतिहास लिहिणारे मोर्चे लिहितात, परिषदा लिहितात, फुटी तर फारच चवीनं लिहितात. सभेची सतरंजी कोणी अंथरली, वर्गणी कोणी गोळा केली, पोरीचं नाव शाळेच्या पटावर राहावं म्हणून तिच्या बापाशी कोण भांडलं, हे कोणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते. आमच्या तालुक्यात शिक्षिकांच्या मंडळाची शाखा कशी निघाली, कशी फुटली आणि फुटूनही कशी वाढली, त्याची ही हकिकत. दोस्तहो, तुम्हीही आज ना उद्या संघटना काढाल. तेव्हा तुमच्यापुढं हाच सवाल येणार आहे. आपल्यात कोणाला घ्यायचं आणि कोणाला दाराबाहेर उभं ठेवायचं?

१९९१ साल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. उमरेड-भिवापूरकडच्या गावांत आम्ही सात जणी नोकरीला होतो. सातही जणी बौद्ध, सातही डी.एड. झालेल्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर. गावात खोली मागायला गेलं की आधी आडनाव. आडनावावरून उमगलं नाही तर गाव, गावावरून नाही तर देव कोणता. मग घरमालकिणीला एकदम आठवायचं की खोली तिच्या भाच्याला द्यायची आहे. एस.टी.नं जाणं-येणं, परतीची गाडी चुकली तर फाट्यावर अंधार. शाळेत पाण्याचा माठ एक, पण आमचा हात लागला की दुसऱ्या दिवशी मास्तर घरून बाटली आणायचे. कोणी तोंडानं काही बोलायचं नाही. शिकलेल्या माणसाची अस्पृश्यता अशीच असते, आवाज न करणारी.

शिक्षकांची संघटना होती. आम्ही वर्गणी भरायचो. बैठकीत खुर्चीवर पुरुष, बदल्यांचं बोलणं पुरुषांचं. बायांकडं चहा करायचं काम. आम्हा सातजणींकडं तेही नाही. का नाही, ते तुम्ही समजून घ्या.

समाजातल्या पुढाऱ्यांकडं गेलो, तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही महिला मंडळ काढा ना. जयंतीले रांगोळी पाहा, वंदना घ्या." रांगोळीला आमची ना नव्हती. पण त्याच जयंतीच्या मांडवात आठ-दहा वर्षांच्या पोरी लहान भावाला कडेवर घेऊन उभ्या असायच्या आणि त्यांतल्या निम्म्या पोरी शाळेत येत नाहीत, हे आम्हाला आमच्या हजेरीपटावरून ठाऊक होतं.

नागपुरात आपल्या समाजातल्या शिक्षिकांचं एक मंडळ चालू होतं. त्यांना पत्र टाकलं. त्यांनी घटना पाठवली, पावतीपुस्तक पाठवलं. एका रविवारी समाजमंदिरात आमची पहिली बैठक झाली. वर्गणी महिना ५ रुपये. अध्यक्ष ठेवायचा नाही, दर बैठकीला आळीपाळीनं एकीनं कागद लिहायचा, असं ठरलं. पहिलं पत्रक स्टेन्सिल कापून काढलं. शाईनं हात काळे झाले. नवरे म्हणाले, स्वयंपाक कोण करील? एकीची सासू मात्र म्हणाली, "जाय वो, मी टाकतो भाकरी." चळवळीच्या कोणत्याही स्मरणिकेत या सासूचा फोटो नाही.

काम आपोआप हाती आलं. १९९२ च्या जानेवारीत सरकारनं योजना काढली. पहिली ते चौथीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातीच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना हजेरीचा रोज १ रुपया. वर्षाचे शाळेचे दिवस २२०, म्हणजे फार तर २२० रुपये. लोक हसले. एका रुपयात काय येते? पण आम्ही त्या रुपयाला धरून घराघरांत शिरलो. दाखला कोणाकडं आहे, कोणाकडं नाही, कोणत्या पोरीची जन्मतारीख अंदाजानं टाकली आहे, कोणाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीतून गळलं आहे, याचं रजिस्टर आम्ही घातलं. त्या रजिस्टरनं आम्हाला जे शिकवलं ते डी.एड.च्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडं मिरचीचे सातरे असतात. लाल मिरचीचे ढीग पडतात आणि बाया-पोरी दिवसभर देठ खुडत बसतात. संध्याकाळी हाताची नुसती आग. रात्री पोरी हात पाण्यात घालून झोपतात. रजिस्टरात पाहिलं तर हंगाम सुरू झाला की मुलींची हजेरी खाली. मुलांची नाही, मुलींची. एका आईला मी विचारलं, काहून नाही धाडत पोरीले? ती म्हणाली, "बाई, तुमचा रुपया वर्ष सरता सरता येते. सातऱ्याचा पैसा हप्त्याले येते. अन् पोट तं रोज येते." यावर कोणत्या शिक्षणतज्ज्ञाकडं उत्तर आहे? आम्ही नुसतं भाषण केलं नाही. हंगामात संध्याकाळी वस्तीत वर्ग धरला. दोन तास, कंदिलावर. पोरी दुखऱ्या हातानं पाटी धरायच्या. शाळेच्या पटावरून नाव कटू दिलं नाही. पुढं १९९६ पासून पाचवी ते सातवीतल्या मागासवर्गीय मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आली, महिना ६० रुपये, दहा महिने. तेव्हा आमचं रजिस्टर तयारच होतं. अर्ज भरायला आम्हाला वेळ लागला नाही.

खरा झगडा नंतर झाला.

संध्याकाळच्या वर्गाला पोरी आणायचं काम कोण करायचं? अंगणवाडीच्या बाया. आम्ही एस.टी.नं परत जायचो, त्या गावातच राहायच्या. वस्तीतली प्रत्येक चूल त्यांना ठाऊक. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात सुरू झाली, तेव्हापासून तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना पहिलं अक्षर, पहिलं गाणं हीच बाई शिकवते. खिचडी शिजवून घेते, लेकरं तोलते, लसीला नेते. आणि सरकारी कागदावर ती नोकर नाही, मानसेवी. पगार नाही, मानधन. मान शब्दात, धन कशातच नाही.

त्यांतली एक बाई बैठकीला आली. सातवी शिकलेली. मागं दाराशी बसली. बैठक संपल्यावर म्हणाली, "माही पावती फाडा ना बाई." पाच रुपयांची नोट तिनं पदराच्या गाठीतून सोडली होती.

पावती कोणी फाडेना. घटनेत लिहिलं होतं, सभासद होण्यास शिक्षिका प्रशिक्षित व कायम सेवेत असावी. एक जण म्हणाली, नियम म्हणजे नियम. दुसरी म्हणाली, उद्या मदतनीसही येईल, मग शिक्षिकांचं मंडळ कशाला म्हणायचं? तिसरी खरं बोलली. ती म्हणाली, "आपण केवढ्या मुश्किलीनं 'मॅडम' झालो. आता पुन्हा त्यांच्यात बसायचं?" मला तिचा राग आला नाही. ज्या माणसाला आयुष्यभर खाली बसवलं, त्याला खुर्ची मिळाली की तो खुर्चीचे पाय आधी घट्ट धरतो. पण मी त्या दिवशीही हेच म्हटलं आणि आजही म्हणते: या नियमानं पाहिलं तर जाईबाई चौधरी आपल्या मंडळात बसल्या नसत्या.

जाईबाई कोण, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? सावित्रीबाईंचा फोटो सगळ्यांच्या घरी लागला, चांगलं झालं. जाईबाईंचा लागला नाही. आमच्याच उमरेडला १८९२ साली महाराच्या घरी जन्मलेली ही बाई. दुष्काळानं घर नागपूरला लोटलं. लहानपणी लग्न. डोक्यावर ओझी वाहून हमाली केली. एका मिशनरी सिस्टरच्या नजरेला ती पडली, शिकली, मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर शिकवू लागली. तर वरच्या जातीच्या पालकांनी कल्ला केला की अस्पृश्य बाई आमच्या लेकरांना शिकवते. नोकरी गेली. मग तिनं १९२२ साली नागपुरात स्वतःची शाळा काढली, संत चोखामेळा मुलींची शाळा. वस्त्यावस्त्यांत फिरून पोरी गोळा केल्या. हमाल बाई ती! तिची नेमणूक कोणत्या कार्यालयानं केली होती?

आणि पुढचं ऐका. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. शिकल्यासवरल्या, सुधारक घरांतल्या बायांची परिषद. तिथं जेवणाच्या वेळी जाईबाई आणि सोबतच्या बायांना वेगळं बसवलं. व्यासपीठावर स्त्रीजात एक, पंगतीत मात्र जात वेगळी. आपल्या बाया गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी निषेधाची सभा घेतली. २० जुलै १९४२ ला तर नागपुरातच दलित महिलांची स्वतःची परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. पंचवीसेक हजार बाया. बाबासाहेब समोर. समाज किती पुढं गेला हे मी बायांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचं ते तिथं बोलले. त्या बायांनी ठराव केले ते घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वाविरुद्धचे, गिरणीतल्या बायांच्या रजेचे, मुलींच्या वसतिगृहांचे. पंचवीस हजारांत शिकलेल्या किती असतील? पण कोणी दाराशी उभं राहून दाखला मागितला नव्हता.

मी बैठकीत म्हटलं, १९३७ साली त्यांनी आपल्याला वेगळं बसवलं म्हणून आपण पन्नास-साठ वर्षं ओरडतो. आज ही बाई दाराशी बसली आहे, तिला कोणी बसवलं?

मतं घेतली. चौघी नियमाच्या बाजूनं, आम्ही तिघी विरुद्ध. हरलो. नागपूरला लिहिलं, तिकडूनही उत्तर आलं की घटना बदलता येणार नाही. तेव्हा आम्ही तिघींनी पावतीपुस्तक परत केलं आणि त्याच समाजमंदिरात दुसऱ्या रविवारी नवी बैठक घेतली. वर्गणी महिना २ रुपये केली, कारण ५ रुपये मानधनातून जड जात होते. नवा नियम एका ओळीचा: वस्तीतल्या लेकराला जी शिकवते ती शिक्षिका. पहिली पावती सातवी शिकलेल्या त्या बाईची.

लोक म्हणाले, बायाही फुटल्या, पुरुषांसारख्याच. म्हणू द्या. पुरुषांच्या फुटी बहुतेक खुर्चीसाठी होतात, आमची सतरंजीसाठी झाली. दोन वर्षांत आमच्या बैठकीला जागा पुरेना. अंगणवाडीच्या बाया आल्या, मदतनीस आल्या, एक खिचडी शिजवणारी आली, तिला पाढे तोंडपाठ होते. एक मांग समाजातली आली. ती म्हणाली, "तुमचं बुद्धविहार, मी येऊ काय?" हा सवाल तिला पडावा, हे आपल्या चळवळीवरचं दूषण आहे. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली मांग-महारांचं दुःख एका निबंधात जोडून मांडलं. ते 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते आपल्या पुढाऱ्यांना कधी कळणार?

बाजूला राहिलेल्या चौघींपैकी दोघी पुढं परत आल्या. २००० सालापासून सरकारनं नव्या मास्तरणींना शिक्षणसेवक केलं. तीन वर्षं ३००० रुपये मानधनावर. कायम सेवेची अट एका फटक्यात उडाली. काल डी.एड. झालेली आमची पोरही अंगणवाडीच्या बाईसारखीच मानधनवाली झाली. जुन्या नियमानं तीही शिक्षिका ठरली नसती. दुसऱ्याला अडवायला घातलेली भिंत शेवटी आपल्याच लेकीच्या वाटेत येते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. मानधनवाल्यांच्या लढ्याला यश आलं ते फार उशिरा. अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एप्रिलमध्ये मान्य केलं. शिक्षणसेवकांचं प्राथमिकचं मानधन २०२३ मध्ये १६,००० झालं. या गोष्टी कोणी दान केल्या नाहीत. त्यांच्यासाठी बाया रस्त्यावर उन्हात बसल्या.

आता मी निवृत्त आहे. शाखा चालू आहे, नव्या बाया चालवतात. रजिस्टर आता मोबाइलमध्ये आहे. पण सवाल नवा आला आहे. शाळाच राहतात की नाही? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची सरकारनं मोजणी केली आणि २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचं धोरण काढलं. लहान शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या, लेकरांना गाडीनं न्यायचं. कागदावर छान दिसतं. पण आम्ही हजेरीपट पाहिलेल्या बाया आहोत. गाडी एक दिवस चुकली की मुलगा सायकलनं जाईल आणि मुलगी सातऱ्यावर. पटावरून पहिलं नाव तिचं कटेल.

म्हणून दोस्तहो, एक काम सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या बाया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. पुष्कळ गावांत ही समिती नुसती कागदावर असते, बायांची सही घरी नेऊन घेतली जाते. तुमच्या गावात जा. त्या समितीत आपल्या मोहल्ल्यातली कोण आई आहे, ते विचारा. नसेल तर पालकसभा लावायला सांगा आणि तिचं नाव सुचवा. असेल तर पुढच्या बैठकीला तिच्याबरोबर जा, तिला वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका. ती म्हणेल, मले वाचता येत नाही, मी काय करू तिथं? तिला सांगा, लेकराची शाळा गावात पाहिजे, एवढं बोलायला वाचता यावं लागत नाही.

जयभीम.