बिनराज्याचा महाराजा

यावल गावात निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. राजा म्हटला की तेथील मुलांच्या डोळ्यांपुढे तटबुरूजच उभे राहतात. परंतु ज्याच्याजवळ किल्ला नाही, राज्यही नाही, असा एक महाराजा मुंबईत जन्मास आला.

१९४६ साली एअर इंडिया या विमान कंपनीतील बॉबी कूका यांना टिपणांच्या कागदांवर छापण्यासाठी एक चित्र हवे होते. उमेश राव या चित्रकाराने ते रेखाटले : डोक्यास फेटा, अंगात लाल अंगरखा, नाक लांबट, मिशा भल्या मोठ्या आणि कमरेत वाकून केलेले स्वागत! आता वाकून उभा राहतो तो यजमान; तो राजा कसला? कूकांनाही हे ठाऊक होते. हा काही राजकुळातला नव्हे, याहून बरे नाव सुचेना म्हणून याला महाराजा म्हणतो, असे ते सांगत. गावात ऐटीने चालणाऱ्या पोरास ‘राजे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार!

तेव्हा देशात खरे राजे-महाराजे शेकड्यांनी होते. १९७१ साली घटनादुरुस्ती होऊन त्यांच्या राजेपणाची मान्यता गेली, सरकारी तनखेही बंद झाले. कागदावरच्या महाराजाचे नाव मात्र राहिले. त्याला तनखा मुळी नव्हताच.