दाखल्याची खिडकी

एरंडोल

चि. भाच्यास,


आजोबांच्या नावानं शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचा म्हणतोस, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठं लागेल तेही विचारतोस. पाटीचं आधी सांगतो. खान्देशात शाळेला दात्याचं नाव द्यायची रीत आहे, आणि पुढं लोकांनी त्या नावाची आद्याक्षरं करून टाकायची, हीही रीतच. एरंडोलला रा. ति. काबरे, धरणगावला पी. आर., जळगावला ला. ना. आणि आर. आर. यातला 'ला. ना.' म्हणजे शेठ लालजी नारायणजी, हे आठवीतल्या किती पोरांना सांगता येईल? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये प्रतापशेठांचं नाव शाबूत राहिलं खरं. पण तिथं जाणारा पाहुणा चौकशी करतो ती साने गुरुजींची, आणि गुरुजी तिथं मास्तर होते १९२४ ते १९३० एवढेच. तेव्हा पाटीचा हट्ट सोड.

शाळेला काय हवं ते वर्गात बसून कळत नाही. जून महिन्यात ऑफिसच्या खिडकीशी उभं राहावं.

दहावीचा निकाल लागलेला असतो. कासोदा, उत्राण, रिंगणगावकडच्या एस.टी. रिकाम्या होतात आणि खिडकीशी गर्दी होते. त्यात पोरं कमी, बाप आणि आजेच जास्त. एक म्हातारा टोपी हातात धरून उभा असतो. नातवाला इंजिनिअरिंगला घालायचंय, जात पडताळणी अडलीय. ओबीसीचा दावा असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. म्हाताऱ्याकडं सातबारा आहे, त्यावर जात नाही. मग आठवतं, आपण दोन वर्षं हायस्कुलात होतो.

लिपिक विचारतो, "बाबा, शाळामा नाव काय व्हतं तुमनं?"

प्रश्न वेडा नाही. घरी एक नाव, हजेरीत दुसरं, ही इकडची सर्रास गोष्ट. मग कपाटातून जनरल रजिस्टर निघतं. लांबरुंद, पाठ उसवलेलं, कडा पिवळ्या. नोंद क्रमांक, नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात 'सतत गैरहजर' असं दोन शब्दांत उरकलेलं असतं. त्या दोन शब्दांत एखादं पडलेलं पीक किंवा आजारी बाप असेल, ते मास्तरांनी लिहिलेलं नसतं. म्हातारा ओळीवर बोट ठेवतो. त्याला वाचता येतं, तरी लिपिकाकडून मोठ्यानं वाचून घेतो.

खिडकीशी नुसते पडताळणीवालेच येत नाहीत. सुरतेला उधना, लिंबायतकडं नांदायला गेलेल्या मुली माहेरी आल्या की दाखल्याची दुसरी प्रत मागतात. कुणाला पासपोर्ट हवा, कुणाचं पेन्शनचं प्रकरण अडलेलं. एकदा शाळा सोडली की जन्मतारीख बदलून मिळणं जवळपास अशक्य, म्हणून अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस १ जूनला. प्रवेशाच्या दिवशी मास्तरांनी वयाचा अंदाज घेऊन ठोकून दिलेली ती तारीख पुढं आधारवर गेली, निवृत्तीही त्याच तारखेनं झाली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा राज्यभर शाळांची जुनी दप्तरंही उघडावी लागली.

संस्था दात्यांची, पगार सरकारचा, पोरं खेड्यांची. बहुतेक माध्यमिक शाळांचं हे असंच आहे. पण गावाची म्हणावी अशी त्या इमारतीत एक वस्तू असेल तर हे रजिस्टर. नियमानं ते कायम जपायचं. २०१५ ला 'सरल' ही सरकारी प्रणाली आली, तेव्हापासून पोरांची माहिती संगणकावर जाते. त्याआधीचं बहुतेक सारं या कागदांवरच.

कागदावरून आठवलं. एरंडोल हे एके काळी कागदाचंच गाव. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये लिहिलंय, की इथला जाडाभरडा देशी कागद पूर्वी नावाजलेला होता आणि तो धंदा अजून थोडाफार तग धरून आहे. पुढं तोही गेला. त्या कागदाची रजिस्टरं या शाळांत नाहीत, असती तर बरं झालं असतं. तालुक्यातल्या एका शाळेत मी पाहिलं, १९६० च्या आसपासचं पान उलटताना कोपरा हातात आला. त्या कोपऱ्यात तिघांच्या जन्मतारखा होत्या. मोडकं लोखंडी कपाट, वर गळकं छत, आणि हेडमास्तरांकडं बांधणीला पैसे नाहीत.

स्मार्ट बोर्ड चांगलाच, पण तो पाच-सात वर्षांत बिघडेल आणि खोलीत पडून राहील. त्याच पैशात जुन्या रजिस्टरांची बांधणी होईल, पानन् पान स्कॅन करून घेता येईल, एक घट्ट बंद होणारं कपाट येईल. स्कॅनची एक प्रत शाळेतच ठेवावी, दुसरी संस्थेकडं. त्यात लोकांच्या जाती आणि जन्म आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची वस्तू नाही. माझ्या वडिलांचं नाव हवंच असेल तर कपाटाच्या दाराला आतून लावू.

दिवाळीत येशील तेव्हा शाळेत जा आणि आधी खिडकीशी उभा राहा. तुझी नोंद मी बघून ठेवलीय. नाव बरोबर आहे, आईचं गाव बरोबर आहे. जन्मलास कार्तिकात, लिहिलंय १ जून.

तुझा,
मामा