अर्धवट पाहिलेल्या मालिकांची यादी

वाचकहो, आम्ही टीव्हीचे प्रेक्षक म्हणजे जाता-येताचे. कचेरी सुटली की घरी यायचे, चहा घ्यायचा, पुन्हा चपला पायात सरकवायच्या आणि वस्तीतल्या बैठकीला नाहीतर विहारातल्या मुलांच्या अभ्यासवर्गाला निघायचे, हा गेल्या वीस वर्षांचा परिपाठ. त्यामुळे एका कपाएवढीच मालिका आमच्या वाट्याला येते. कोण कोणाचा कोण लागतो हे कळायच्या आत चहा संपलेला असतो. अशा माणसाने आवडत्या मालिकांचे क्रमांक लावायला बसावे हा तसा अगोचरपणाच. परंतु मागच्या रविवारी आमच्या कन्येने तो प्रसंग आमच्यावर आणला.

पाऊस लागून राहिला होता. बैठक रद्द झाली होती. कन्या महाविद्यालयात शिकते, तिने वहीचे पान फाडून त्याचे चार तुकडे केले आणि फर्मान काढले, "प्रत्येकाने आपल्या आवडीच्या पाच मालिका क्रमाने लिहायच्या. खाडाखोड चालणार नाही." आमची माय अक्षरशत्रू, तेव्हा तिचे कन्याच लिहून घेणार होती. आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "माझे हात रिकामे नाहीत." त्यांच्या मांडीवर साडी होती. साड्यांना फॉल लावण्याचे काम त्या घरी आणतात.

आम्ही मात्र हे काम गांभीर्याने घेतले. पडलो बी. कॉम. तेव्हा आधी पट्टीने रकाने आखले. मालिकेचे नाव, साल, दहापैकी गुण आणि शेवटी शेरा. ते पाहून आयुष्मती हसल्या. "अहो, एक तरी मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलीय का तुम्ही?"

प्रश्न बिनतोड होता. खरे सांगायचे तर आमचा टीव्हीशी संबंधच अर्धवट पाहण्यातून आला. २५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी, दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले तेव्हा आम्ही दुसरीत होतो. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावात टीव्ही एकच, तोही एका मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यात. बांबूला बांधलेला अँटेना वेशीपासून दिसायचा. गावातली मंडळी ओसरीवर बसत. आमच्या वस्तीतली पोरे भिंतीबाहेर, खिडकीच्या गजांना धरून उभी राहत. तिथेच उभे राहा असे कोणी सांगितल्याचे आठवत नाही. सांगावे लागत नव्हते. आम्ही उंचीने कमी, पुढे मोठी पोरे, त्यांच्या पुढे ओसरीवरच्या पाठी. तेव्हा ते वर्ष आम्ही टीव्ही पाहिला नाही, ऐकला. बाण सुटल्याचा आवाज यायचा आणि तो कोणाला लागला हे ओसरीवरच्या पाठी कशा हलतात त्यावरून ओळखायचे. एका रविवारी वडिलांनी कान धरून घरी आणले. "दुसऱ्याच्या खिडकीला लोंबकळायचं न्हाई," एवढेच बोलले. नंतर जेवण होईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

१९८८ च्या उन्हाळ्यात शिक्षणासाठी आमची रवानगी मुंबईला चुलत्यांकडे झाली. चेंबूरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत लाकडी शटरचा टीव्ही होता आणि आमच्यापुढे कोणाचीही पाठ नव्हती. चटईवर पालथे पडून हनुवटी तळहातांवर ठेवून आम्ही पाहिलेली पहिली मालिका 'वागळे की दुनिया'. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला साधा कारकून, दिग्दर्शक कुंदन शाह, वागळे झालेले अंजन श्रीवास्तव आणि राधिकावहिनी झालेल्या भारती आचरेकर. गोष्टी किती लहान! कारकुनाच्या घरातल्या रोजच्या अडचणी, उसनवारी, शेजारी. पण हा माणूस आमच्या चुलत्यांसारखा पिशवी घेऊन घरी यायचा, याचे आम्हांला फार नवल वाटे. पुढे आपणही कारकूनच होऊ हे तेव्हा माहीत नव्हते. यादीत पाचवा क्रमांक वागळेंचा. गुण सात.

चौथा 'सीआयडी'. १९९८ साली सुरू झालेली ही मालिका २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा आली. जाता-येताच्या प्रेक्षकाला हिच्यासारखी सोय नाही. कोणताही भाग कुठूनही पाहा, प्रेत असतेच आणि दया दार तोडतोच. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम आधी बँकेत नोकरीला होते, हे कळल्यापासून आमचा त्यांच्यावर विशेष लोभ. हिशेबाच्या वह्या तपासणारा माणूस खुनी सोडणार नाही, अशी आमची समजूत. मायचीही ही आवडती. तिच्या यादीत पहिला क्रमांक 'शीआयडी' आणि दुसराही 'शीआयडी' असे कन्येला लिहावे लागले.

तिसऱ्या क्रमांकावर जरा थांबावे लागेल. २००१ साली सब वाहिनीवर 'ऑफिस ऑफिस' लागायची. पंकज कपूर हे मुसद्दीलाल नावाचे सामान्य गृहस्थ. ते आज या कचेरीत, उद्या त्या कचेरीत खेटे घालतात आणि कचेरी कोणतीही असो, समोर तेच पाच जण. एक समोसा खातो, एकाच्या तोंडात पान, एक वसुलीचा दर सांगतो. आपल्या आसावरी जोशी यांनी केलेल्या उषाजी आपल्याच गप्पांत. २००२ मध्ये आम्ही नोकरीला चिकटलो आणि कचेरीतले सगळेच ही मालिका पाहून दुसऱ्या दिवशी एकमेकांना 'काय पांडेजी' म्हणून हाका मारत. हसू यायचे.

एके दिवशी आमच्या खिडकीशी एक आजी आल्या. उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्या चौथ्यांदा आल्या होत्या. फडक्यात भाकरी बांधून आणली होती, कारण दिवस जाणार हे त्यांना आता ठाऊक झाले होते. आम्ही सवयीने "उद्या या" म्हणणार, तोच आदल्या रात्रीचा मुसद्दीलालचा चेहरा आठवला आणि तोंड उघडेच राहिले. आम्ही तर वस्तीत भाषणे करणारे. लाच घेत नाही म्हणून स्वतःला मुसद्दीलालच्या बाजूचे समजत होतो. प्रत्यक्षात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो होतो. कागद उचलून आम्ही स्वतः साहेबांच्या खोलीत गेलो. वीस मिनिटांचे काम होते. यात मोठेपणा नाही; आधीचे तीन दिवसही आमचेच होते. गुण आठ.

दुसरा क्रमांक लिहिला तेव्हा कन्येने हरकत घेतली. "बाबा, ही मालिका नाही, कार्यक्रम आहे." असो. आमिर खान यांचे 'सत्यमेव जयते' २०१२ च्या मे महिन्यात सुरू झाले. रविवारी सकाळी, खासगी वाहिनीवर आणि दूरदर्शनवर एकाच वेळी. ८ जुलैचा भाग अस्पृश्यतेवर होता. दिल्ली विद्यापीठात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. कौशल पंवार यांनी आपली कहाणी सांगितली. आम्हांला त्यात नवे काही नव्हते. नवे घडले ते सोमवारी. दहा वर्षे ज्यांच्याबरोबर आम्ही डबा खात होतो, ते आमचे एक सहकारी डबा उघडता उघडता म्हणाले, "काय हो, असं खरंच अजून असतं?"

दहा वर्षांत त्यांनी कधी आम्हांला आमच्या गावाबद्दल विचारले नव्हते. आम्हीही सांगितले नव्हते. त्या दिवशी प्रथमच त्या खिडकीची हकीकत सांगितली. ते बराच वेळ भाजी चिवडत बसले आणि मग म्हणाले, "आमच्याही गावात एकच टीव्ही होता. आम्ही ओसरीवर बसायचो." दुसरे काही बोलले नाहीत. ते आता निवृत्त झाले, पण अजून १४ एप्रिलला आठवणीने फोन करतात. गुण नऊ.

पहिला क्रमांक ठरलेलाच होता: 'संविधान'. श्याम बेनेगल यांची दहा भागांची मालिका, राज्यसभा टीव्हीवर २ मार्च २०१४ पासून दर रविवारी. (ही वाहिनी २०२१ मध्ये लोकसभा टीव्हीत मिळून संसद टीव्ही झाली.) आयुष्मतींच्या प्रश्नाला आमच्याजवळ हेच एक उत्तर होते, कारण ही आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. त्याला कारणही तसेच घडले. फेब्रुवारीत विहाराच्या पत्र्यावर चढताना पाय मोडला आणि आम्ही प्लास्टरात. सचिन खेडेकर बाबासाहेबांच्या भूमिकेत दिसताच माय ओरडली, "आगं, ह्यो तर करोडपतीवाला!" आदल्या वर्षी त्यांनी 'कोण होईल मराठी करोडपती' केले होते. घरात मोठा हशा झाला. पण दोन-तीन भागांनंतर मायचाही तो करोडपतीवाला राहिला नाही. घटना समितीतले वाद, कलमांवरच्या दुरुस्त्या, २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण, हे सर्व आम्ही पुस्तकांतून कितीदा वाचलेले. कन्या तेव्हा आठ वर्षांची. आमच्या प्लास्टरवर रंगीत खडूने चित्रे काढता काढता तिने विचारले होते, "एवढं भांडतात, मग मारामारी का नाही करत?" गुण दहापैकी दहा.

यादी पुरी झाली. आम्ही सही करायच्या बेतात होतो. कन्येने वाचली आणि म्हणाली, "बाबा, गौरवगाथा नाही?"

तिचे म्हणणे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर: महामानवाची गौरवगाथा' या मालिकेविषयी होते. स्टार प्रवाहवर १८ मे २०१९ रोजी सुरू झाली. त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. सागर देशमुख बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे रमाई. सगळी वस्ती पाहत होती. आम्ही मोजून पाच-सहा भाग पाहिले असतील. तेसुद्धा दारात उभे राहून, अमुक प्रसंग तमुक साली घडला होता की नाही याच्या चुका काढत. कीर वाचलेले, खैरमोडे वाचलेले, आम्हांला मालिका काय शिकवणार, अशी घमेंड. तसे आम्ही कन्येला सांगितलेही, थोड्या सौम्य शब्दांत.

आयुष्मतींनी दात लावून धागा तोडला.

"मी मालिका बघत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकते. डोळे सुईवर असतात. 'चार दिवस सासूचे' वर्षानुवर्षं ऐकली, त्यातल्या अर्ध्या बायकांचे चेहरे मला माहीत नाहीत. 'होम मिनिस्टर' आवडायचं, कारण त्यात बाया नुसत्या बोलतात, बघावं लागत नाही. ती एकच मालिका अशी होती, की मी सुई खाली ठेवली."

आम्ही गप्प राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "त्याच वर्षी महिला मेळाव्यात तुम्ही स्टेजवरून सांगत होता, भगिनींनो, मालिका बंद करा. मी तिसऱ्या रांगेत बसले होते."

आम्ही घरखर्चाची वही लिहितो. त्या वहीतले एक पान आम्हांला तेव्हा आठवले. २०१९ च्या पावसाळ्यात फॉलच्या साड्यांची कमाई दर महिन्याला कमी होत गेली होती. दिवसाला चार साड्या व्हायच्या त्या तीनच होऊ लागल्या. आम्ही कारण विचारले, तर त्यांनी डोळे दुखतात म्हणून सांगितले होते. आम्ही तत्परतेने चष्म्याचा नंबर तपासून आणला. नंबर होता तोच निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांची फी आम्ही 'किरकोळ' खाली लिहिली होती.

"मग सांगायचे नाही का तेव्हा?" आम्ही विचारले.

"कोणाला? तुम्ही बैठकीला होतात. राजरत्न गेला तो भाग लागला त्या दिवशी माय आणि मी जेवलो नाही. तुम्ही अकरा वाजता आलात, तुम्हाला वाढलं."

पुढे टाळेबंदी आली आणि आम्ही महिनोन्महिने घरी बसलो, तर चित्रीकरण थांबल्याने या मालिकेचे नवे भाग बंद! दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले. माय म्हणाली, "लाव की. तवा तुला दिसलं न्हवतं." तिच्या शब्दाखातर लावले. तेहतीस वर्षांनी, आपल्या घरात, आपल्या पलंगावर बसून, रंगीत. मायने एक भाग नीट पाहिला आणि विचारले, "येवढंच व्हतं व्हय?" आणि लगेच, "आपली कवा सुरू व्हायची?" आम्ही नाही माहीत म्हणालो, आणि वर्तमानपत्र उघडले. मालिका पुन्हा सुरू झाली तोवर आमचे धान्यवाटपाचे काम वाढले होते. २०२० मध्येच ती संपली. शेवटचे भाग दोघींनीच पाहिले.

कन्येने आमचा कागद पुढे सरकवला. "बदलायचं असेल तर एकदा खाडाखोड चालेल."

आम्ही पेन हातात धरले खरे, पण जे पाहिलेच नाही त्याला गुण कसे द्यायचे? रकाना तसाच सोडून आयुष्मतींच्या कोऱ्या तुकड्यावर त्यांचे पाच क्रमांक लिहून घ्यायला बसलो. पहिले त्यांनी लगेच सांगितले, ते वाचकांनी ओळखलेच असेल. दुसऱ्यासाठी विचार करू लागल्या, तेवढ्यात त्यांची संध्याकाळची मालिका लागली.

"जरा आवाज वाढवा," त्या म्हणाल्या. आणखी दोन साड्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या.

आम्ही आवाज वाढवला आणि साडीचे दुसरे टोक ताणून धरून शेजारी बसलो. दार वाजल्याचा आवाज झाला.

"कोण आलं?" त्यांनी मान खालीच ठेवून विचारले.

"सून आली," आम्ही सांगितले. "निळी साडी आहे. हातात कसलीतरी फाईल आहे."

"आणि सासू?"

"सासू खिडकीशी उभी आहे. अजून वळली नाही."