घराला झेपेल असा पोपट

पोपट पाळायचा, हे आमच्या घरात एकमताने ठरलं. कोणता, यावर मात्र पाच माणसांची पाच मतं होती. सासूबाईंना लाल चोचीचा, हिरवागार, ‘विठू विठू’ म्हणणारा मिठू हवा होता. सातवीतल्या मुलाला मोबाइलवर पाहिलेला निळा-पिवळा मकाव हवा होता. नवऱ्याला आफ्रिकन ग्रेच्या हुशारीचं वेड, मला सन कोन्यूरच्या केशरी रंगाचं. सासऱ्यांची अट एकच होती: सकाळच्या बातम्या ऐकू आल्या पाहिजेत.

घर म्हणाल तर ठाण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. आम्ही नवरा-बायको दिवसभर नोकरीवर, मुलगा शाळा आणि क्लासमध्ये. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पिंजरा उचलणं-धुणं त्यांच्यावर टाकता येणार नव्हतं. सासऱ्यांना दमा आहे. हॉलमधला टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असतो आणि शेजारच्या फ्लॅटला आमची भिंत एकच आहे. हे सगळं मी वहीच्या एका पानावर लिहिलं आणि एकेक पक्षी त्या पानासमोर उभा करायचा, असं ठरवलं.

पहिला निकाल मिठूचा लागला. सासूबाईंचं माहेर राजापूरकडचं. तिथे ओटीवर पिंजरा टांगलेला असे आणि त्यातल्या मिठूला पेरूची फोड नि ओली मिरची मिळे. “अगं, आमच्याकडे होता की! कुणी पोलीस नाही आला,” असं त्यांचं म्हणणं. आता मात्र गळ्याभोवती गुलाबी पट्टा असलेला हा आपला नेहमीचा पोपट, मोठा पहाडी पोपट आणि जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट, यांपैकी कोणताच घरात ठेवता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना लागू आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून भारतीय पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर आपला साधा पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला आहे. तरीही बाजारात चौकशी करताना एकाने हळूच विचारलंच, “ताई, मिठू पाहिजे का? संध्याकाळी आणून देतो.”

कायदा ऐकून सासूबाई फारशा हलल्या नाहीत. पण झाडाच्या ढोलीतून डोळेही न उघडलेली पिल्लं उचलतात, टोपलीत कोंबतात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात, हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच विषय मिटवला. “आपल्या हौसेपायी नको,” एवढंच म्हणाल्या.

मकावचा प्रश्न मुलानेच सोडवला, तोही गणिताने. निळा-पिवळा मकाव चोचीपासून शेपटीपर्यंत जवळजवळ तीन फूट भरतो, वजनाने किलोभर असतो आणि नीट सांभाळला तर पन्नास वर्षंही जगतो. “म्हणजे मी बासष्टचा होईन तेव्हाही तो असेल?” त्याने विचारलं. मग दहावी, बारावी, होस्टेल, नोकरी, असं एकेक करत तो पक्षी कुणाकडे राहील याची यादी त्याने केली. यादी आजी-आजोबांपाशी येऊन अडली.

आफ्रिकन ग्रेसाठी नवऱ्याने बराच किल्ला लढवला. अॅलेक्स नावाच्या ग्रेवर आयरीन पेपरबर्ग यांनी अमेरिकेत तीस वर्षं काम केलं. तो रंग, आकार, वस्तू ओळखून नावं सांगायचा. २००७ साली तो गेला तेव्हा त्याची बातमी जगभर झाली. हे सगळं खरं. पण अॅलेक्सच्या भोवती दिवसभर माणसं होती, त्याला कामात गुंतवणारी. आमच्याकडे ग्रे आला असता तर रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात भिंतीकडे बघत बसला असता. असे कंटाळलेले ग्रे स्वतःचीच पिसं उपटतात. शिवाय जंगलातून बेसुमार पकडल्यामुळे २०१७पासून या जातीला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात सर्वांत कडक संरक्षण आहे. भारतात २०२४च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, पक्षी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. कागदपत्रांचा नवऱ्याला कंटाळा नाही. दहा तासांच्या एकटेपणावर मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

सन कोन्यूर मी स्वतःच बाद केला. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे तो बघायला गेले होते. तळहातावर उताणा झोपणारा, मानेत चोच खुपसणारा, इतका लाघवी पक्षी मी आधी पाहिला नव्हता. चहा होईपर्यंत सगळं छान होतं. मग खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला आणि त्याने असा काही आवाज काढला की फरशी कापायचं मशीन कानाशी चालू झाल्यासारखं वाटलं. मैत्रीण शांतपणे म्हणाली, “हे सकाळ-संध्याकाळ असतंच.” तिचा बंगला आहे. आमच्या भिंतीपलीकडे बारावीची मुलगी अभ्यास करते.

मग उरले तीन लहान पक्षी: कॉकटील, लव्हबर्ड आणि बजी. कॉकटील सगळ्यांना पसंत पडला होता. स्वभावाने मऊ, शीळ शिकणारा, आणि डोक्यावरचा तुरा बघून त्याचं मन ओळखता यावं असा. पण कॉकटीलच्या अंगावर पिसांची बारीक पांढरी पूड सतत तयार होते आणि ती घरभर बसते. हात लावला तर बोटांना पावडर लागते. दम्याच्या माणसाजवळ हा पक्षी ठेवणं धोक्याचं होतं. त्याच्यावर काट मारताना मात्र वाईट वाटलं.

लव्हबर्डबाबत बाजारात एक घोळ आहे, तो सांगायला हवा. आपल्याकडे बहुतेक दुकानांत ‘लव्हबर्ड’ म्हणून जे दाखवतात ते बजी असतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. ठेंगणा, आखूड शेपटीचा, दणकट चोचीचा. तो आपल्या पिंजऱ्याची हद्द राखतो आणि नाराज झाला की चावा जोरात घेतो. मुलाचा हात रोज पिंजऱ्यात जाणार, म्हणून तो नको.

राहिला बजी, म्हणजे बजरिगार. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर हे पक्षी प्रचंड थव्यांनी उडतात. १८४० साली जॉन गूल्ड यांनी ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून त्यांचं पाळीव आयुष्य सुरू झालं. वजन तीस-चाळीस ग्रॅम, आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं, आवाज म्हणजे दिवसभराची बारीक चिवचिव. बजी बोलतही नाही, असा समज असतो. पण पक नावाच्या एका बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम नोंदलेला आहे. शिवाय बजीसाठी नोंदणीची भानगड नाही.

तरी सासऱ्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं, कारण पिसांची धूळ बजीचीही असते, फक्त कमी. त्यांनी सांगितलं, आधी पक्षी असलेल्या घरी जाऊन बसा, त्रास होतो का बघा. आणलेच तर झोपायच्या खोलीत ठेवू नका आणि पिंजरा यांनी साफ करायचा नाही. एका नातेवाइकांकडे बजी होते. तिथे सासऱ्यांनी दोन-तीन वेळा दुपार काढली, पत्ते खेळले, धाप लागली नाही. तेव्हा कुठे पिंजरा घेतला.

एक घ्यायचा की दोन, यावरही वाद झाला. एकटा बजी माणसाशी जास्त जुळतो आणि बोलायलाही लवकर शिकतो, पण मग त्याला माणूस सतत लागतो. आम्ही दिवसभर नसतो, म्हणून जोडी. त्यांनी आपापसात बोलावं, आमच्याशी बोलले तर बोनस. अंडी-पिल्लांचा पसारा नको म्हणून दोन्ही नर घेतले. वयात आलेल्या नराच्या चोचीवरचा, नाकपुड्यांभोवतीचा भाग बहुतेक रंगांत निळा होतो, मादीचा तपकिरी. कोवळ्या पिल्लात हे ओळखायला सरावलेली नजर लागते, म्हणून घरीच पैदास करणाऱ्या माणसाकडून घेतले. कपाळावरच्या काळ्या रेघा चोचीपर्यंत आलेल्या होत्या, म्हणजे पिल्लं लहान होती. नाक कोरडं, शेपटीखालची पिसं स्वच्छ, श्वास घेताना शेपूट वर-खाली हलत नाही, एवढं पाहिलं. फुगून कोपऱ्यात बसलेला पक्षी स्वस्तात मिळत होता. तो घेतला नाही.

त्याआधी घराची तयारी केली. पिंजरा उंच आणि गोल न घेता लांब, आडवा घेतला, कारण बजी आडवे उडतात. दोन गजांमधली फट अर्ध्या इंचाहून कमी बघितली. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या, जाड-बारीक फांद्या बसवल्या. नॉनस्टिक तवे घरातून गेले. तो लेप जास्त तापला की निघणारा धूर माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. डासांची कॉइल बंद झाली. पक्षी बाहेर सोडायचा तर आधी पंख्याचं बटण बंद, खिडकी बंद, कुकर गॅसवर नाही, हा नियम मुलाने कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. पक्ष्यांचा डॉक्टर कुठे बसतो हेही आधीच शोधून ठेवलं. प्रत्येक जनावरांचा डॉक्टर पक्षी बघतोच असं नाही, आणि पक्षी आजार लपवतो.

सगळ्यात मोठी तडजोड टीव्हीची झाली. या पक्ष्यांना दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. म्हणून आता संध्याकाळी साडेसातला पिंजरा आतल्या पॅसेजमध्ये जातो, वर सुती चादर पडते आणि मालिकांचा आवाज उतरतो. सासऱ्यांच्या सकाळच्या बातम्यांना मात्र या दोघांची साथ असते. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

खाण्यात राळं, बाजरी असतंच, पण नुसत्या दाण्यावर पक्षी लठ्ठ होतो आणि यकृत बिघडतं. म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर रोज असतं. मीठ, चॉकलेट, अॅव्होकाडो कधीच नाही. दर रविवारी मुलगा त्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं करून वजन वहीत लिहितो. सासूबाईंनी हिरव्याचं नाव राघू ठेवलं आणि निळा नर असूनही त्याला मैना म्हणायला सुरुवात केली. त्याची काही हरकत दिसत नाही. दोघंही अजून एक शब्द बोललेले नाहीत.

पोपट घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी घरचं ते पान लिहून काढा: घरात दिवसभर कोण असतं, कुणाला धाप लागते, भिंतीपलीकडे कोण राहतं, दिवे किती वाजता बंद होतात, आणि तुम्ही गावी गेलात तर पाणी कोण बदलणार. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर तो पक्षी कितीही देखणा असो, तुमच्यासाठी नाही. आणि एकही पक्षी त्या पानावर टिकला नाही, तर रिकाम्या हाताने परत या. पक्ष्याच्या दृष्टीने तीही चांगलीच निवड आहे.